बर्फाच्या कप्प्यातला चिकटोबा

७ नोव्हेंबर

दादा,

आधी एक तक्रार नोंदवून घे. आपल्या घरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून बर्फाला हद्दपार करण्यात आलं आहे. संध्याकाळी सदराचा मजकूर संपादकांच्या गळ्यात मारून झाला की उंच पेल्यात बर्फाचे खडे टाकून खिडकीपाशी बसायचं, एवढी एकच चैन या बाईने स्वतःसाठी राखून ठेवली होती. ती गेली. बर्फाचा ट्रे मोरीत पालथा पडला आहे, पायउतार झालेल्या मंत्र्यासारखा. त्याच्या खुर्चीवर एक मासा बसला आहे, आणि तो तुझ्यामुळे बसला आहे असं माझं मत आहे.

तू म्हणशील, चार वर्षांनी हिने पत्र लिहिलं आणि तेही बर्फाबद्दल. बरोबर. ज्याबद्दल लिहायला हवं होतं त्याबद्दल लिहायला बसले की माझ्या हातून जे उतरतं ते मलाच वाचवत नाही. फोन तर मी करणारच नाही. फोनवर तू मध्येच खोकतोस, आणि मग मला राग धरून बसता येत नाही.

तर मासा. कानटोपी आठवतो ना, भर उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी घालून होडीवर जाणारा? बाबांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली. मत्स्य संशोधन केंद्रातल्या त्यांच्या खोलीवरची 'ओळख विभाग' ही पाटी उतरली आणि तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे. पण जाळ्यात काही भलतं सापडलं की या माणसाचे पाय अजून आपल्याच दाराकडे वळतात. परवा सकाळी बादली घेऊन उभा.

"ताई, बाबांना दाखवायचंय."

"बाबांना आता काही दाखवून उपयोग नाही हो."

"बघू तर द्या त्यांना. त्यांनी नाही ओळखला तर मग कोण ओळखणार?"

बाबा कसे आहेत हे तू आत्याला विचारतोस आणि आत्या तुला 'बरे आहेत' म्हणून सांगते. आत्याच्या हिशेबात श्वास चालू असलेला माणूस बराच असतो. तेव्हा माझ्याकडून ऐक. बाबांचे शब्द गेले. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. हल्ली दिवसदिवस बोलत नाहीत. मला 'बाई' म्हणतात. मध्यंतरी एकदा फार अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही तुमच्या घरी कधी जाता?" मी म्हटलं, "बघते, सुट्टी मिळाली की जाईन."

मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर मासा ठेवला. पान नेमकं माझ्या सदराचं निघालं. त्याचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केला नसेल. मासा नारळाएवढा, गोलमटोल. खवले नाहीत, पण अंगभर टेंगळं, तीही रांगेत बसवल्यासारखी. रंग करडा, जरा हिरवट. चेहरा आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा, दुपारच्या झोपेतून उठवल्यावर व्हायचा तसा.

बाबा पेज खात होते. त्यांनी चमचा खाली ठेवला, दोन्ही हात माशाच्या खाली घालून त्याला अलगद उताणा केला, गळ्याखाली अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच ठेवला. आणि म्हणाले, "चिकटोबा."

स्वच्छ म्हणाले. तोच केंद्रातला आवाज, ज्याच्यापुढे कुणाची चूं करायची हिंमत नव्हती.

मी केंद्रात गेले. तिथे आता नवे साहेब आहेत, टाय लावतात. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो लांबून पाहिला. "केंड आहे. फुगतो तो. विषारी. फेकून द्या, आणि वडिलांना जपा." मी म्हटलं, बाबा चिकटोबा म्हणाले, तो थंड पाण्यातला असतो ना? साहेब म्हणाले, "थंड पाण्यातला मासा आपल्या समुद्रात नसतो. म्हणजे हा तो नाही." असा विचार करता आला असता तर माझंही आयुष्य किती सोपं झालं असतं.

आता कामाचं. टेकडीवरचं ते शुश्रूषागृह, जे तू तिकडे बसून कॉम्प्युटरवर शोधलंस आणि आत्याच्या तोंडून मला कळवलंस, तिथे पंधरा तारखेला बाबांसाठी खाट मिळते आहे. वर्षभर मी नाही म्हणत होते. मग एका सकाळी बाबांनी शेगडीचं बटण फिरवून ठेवलं आणि पेटवायचं विसरले. त्या दिवशी मी अर्जावर सही केली. शहाणपणा तुझा ठरला, अभिनंदन.

पण मग हा मासा आला. तेव्हा मला एवढंच सांग: तो चिकटोबा आहे का? असेल तर बाबा अजून आत कुठेतरी आहेत, आणि आत असलेल्या माणसाला मी टेकडीवर नेऊन ठेवणार नाही. नसेल तर पंधरा तारीख आहेच. हे ठरवू शकेल असं जे एक डोकं मला माहीत आहे, ते दुर्दैवाने तुझ्या खांद्यावर आहे.

जाताना कानटोपी दारात जरा रेंगाळला. मला उशिरा कळलं का ते. बाबांचा नियम तुला आठवत असेल, माशाला मासा. कुणी चमत्कारिक मासा आणून दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः बाजारात जायचे, तेवढ्याच वजनाचा खायचा मासा विकत घेऊन त्याच्या घरी पोचवायचे. कुणाच्या घरचं जेवण विज्ञानापायी बुडता कामा नये म्हणायचे. कानटोपीने आत बाबांकडे पाहिलं. ते पुन्हा पेज खात होते. "असू दे ताई," म्हणाला आणि रिकामी बादली घेऊन गेला.

फोटो सोबत आहेत.

नाइलाजाने तुझी,
बहीण


९ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. 'गळ्याखालचा फोटो हवा. टेंगळांच्या रांगा मोज. वितळू देऊ नकोस.' चार वर्षांनंतर आलेलं भावाचं पत्र. त्यात 'कशी आहेस' कुठे आहे म्हणून मी ते पुन्हापुन्हा वाचलं, कागद उजेडात धरतात तसा मोबाइलसुद्धा धरून पाहिला. वितळू देऊ नकोस हे माशाबद्दल आहे असं धरून चालते.

मोजमाप केलं. पट्टी सापडली नाही म्हणून आईची शिवणाची टेप काढली. पाठीवर मधोमध एक उंच कंगोरा आहे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, पण जाड. दोन्ही कुशींवर टेंगळांच्या तीन-तीन रांगा. हात लावला तर ओल्या सॅण्डपेपरसारखं लागतं. गळ्याखाली एक गोल चकती आहे, कडेला झालर असलेली. मोरीत भिंतीवर आईची साबणदाणी होती ना, मागे रबरी चकती असलेली, दाबली की चिकटायची आणि आंघोळीला बसलं की डोक्यात पडायची? तशी. बाबांनी अंगठा दाबला होता तो नेमका तिथे. केंडाला अशी चकती नसते एवढं मलासुद्धा पुस्तकात सापडलं. साहेबांना सापडलं नाही कारण त्यांनी मासा उलटा करून पाहिलाच नाही. फोटो उलटा करून भागत नाही.

सोबत फोटो. त्यात कडेला जो अंगठा दिसतो तो माझा. नखांकडे बघू नकोस.

फोटो काढताना तुझं ते पहिलं पत्र आठवलं. तू नुकताच तिकडे, त्या थंड समुद्राकाठी, माशांचा अभ्यास करायला गेला होतास आणि चार पानांत तीन पानं या माशाबद्दल होती. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा राखणीला राहतो. गळ्याखालच्या चकतीने खडकाला चिकटून बसतो, खाणंपिणं सोडतो, लाटांनी झोडपलं तरी हलत नाही. बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "याला आपल्या भाषेत नाव नाही म्हणजे काय? असा मासा बिननावाचा राहता कामा नये." आणि तिथल्या तिथे बारसं झालं, चिकटोबा. आई म्हणाली, "नावं ठेवायला बरी जमतात. पत्राचं उत्तर आजच्या आज टाका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातून एक रिकामी काचेची बरणी आणली. तिच्यावर लेबल चिकटवलं, पेन्सिलीने लिहिलं. शाई स्पिरिटमध्ये उतरते, पेन्सिल उतरत नाही, हे आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं त्यांनी. "येताना एक आणेल तो," म्हणाले. ती बरणी आधी केंद्रात होती, निवृत्तीनंतर घरी आली. पुस्तकांच्या कपाटावर आहे. अजून रिकामी. तू सुट्टीला यायचास तेव्हा दर वेळी बाबा तुझ्या बॅगेकडे बघायचे आणि तू चॉकलेटं काढायचास.

मग तू यायचाच बंद झालास. आणि चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही नाही आलास. परिषद होती. तुझं भाषण होतं. त्या दिवशी मी तुला फोनवर जे म्हणाले त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. फक्त इतक्या मोठ्याने म्हणायला नको होतं, बाहेर माणसं बसली होती.

असो. मासा वितळलेला नाही. मी बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी.

बहीण


११ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग बाबांना वाचून दाखवलं.

तर तो चिकटोबाच! या पाण्यात याआधी कुणी धरल्याची नोंद नाही, असं तू म्हणतोस. एखाद्या जहाजाच्या बुडाला चिकटून आला असेल, नाहीतर तुटून वाहत निघालेल्या शेवाळाच्या गठ्ठ्याबरोबर. म्हणजे कुठेतरी घट्ट धरून बसला आणि ज्याला धरलं होतं तेच चालू पडलं. यावर मला एक उपमा सुचली आहे, पण मी ती देणार नाही. रविवारच्या सदरासाठी ठेवते, तिथे तिचे पैसे मिळतात.

तू लिहिलंस, 'म्हणजे बाबा अजून आहेत. पंधरा तारीख रद्द कर.' या दोन वाक्यांबद्दल तुझा एक गुन्हा माफ केला. छोटा. माझ्या बाहुलीला आतडी आहेत का बघायला तिचं पोट फाडलं होतंस, तो.

खाट रद्द केली. टेकडीवरच्या बाई म्हणाल्या, "विचार करा, पुन्हा लवकर मिळणार नाही." मी म्हटलं, "आमच्या वडिलांनी याच आठवड्यात समुद्राच्या इतिहासात भर घातली, त्यांना खाटेची गरज नाही." फोन ठेवल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं.

मग केंद्रात जाऊन साहेबांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी ते टाय सारखा करत वाचलं. माझी फार इच्छा होती की त्यांनी वाद घालावा, मी तयारी करून गेले होते. पण ते म्हणाले, "चूक झाली माझी. उलटा करून बघायला हवा होता." असली माणसं विनोदी लेखकांच्या पोटावर पाय देतात. मासा त्यांनी नेला, तिथे बरणीत ठेवतील. वर्तमानपत्रवाल्याला घेऊन बाबांच्या सत्काराला येणार आहेत. तू जी नोंद छापायला देणार आहेस त्यात 'ओळख पटवणारे' म्हणून बाबांचं नाव घालणार म्हणालास, तेही त्यांना सांगितलं.

बाबा ठीक आहेत. काल संध्याकाळी चहाची बशी उताणी करून बराच वेळ बघत होते. ते जाऊ दे. फार काही नाही.

बर्फाचा कप्पा रिकामा झाला आहे, पण अजून वास येतो.

बहीण


१९ नोव्हेंबर

दादा,

तुझी तीन पत्रं येऊन पडली आहेत आणि मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यात तू 'कशी आहेस' असं विचारलंस. म्हणून आता लिहिणं भाग आहे.

त्या बशीला बाबा चिकटोबा म्हणाले होते.

हे मला अकरा तारखेचं पत्र लिहितानाच माहीत होतं. बशीच्या आदल्या दिवशी साबणाच्या वडीलाही म्हणाले होते. ती उताणी केली, अंगठा दाबला, "चिकटोबा." मी स्वतःची समजूत घातली की साबणाची वडी जरा तशी दिसते. बशीच्या वेळी समजूत घालणं कठीण गेलं. मग मी बाजारातून एक बांगडा आणला आणि बाबांसमोर ठेवला. बांगडा, दादा. ज्या माणसाने डोळे मिटून, नुसत्या वासावरून तो कुठल्या बंदरावरचा आहे हे सांगावं, त्याच्यासमोर. त्यांनी बांगड्याला उताणा केला.

तुला कळवलं नाही, कारण तू लिहिलं होतंस 'म्हणजे बाबा अजून आहेत', आणि त्या वाक्यात मला तुझा जुना आवाज ऐकू आला होता. तो मला आणखी थोडे दिवस हवा होता.

सत्कार झाला. साहेब आले, वर्तमानपत्रवाला आला, आत्या नवी साडी नेसून आली. साहेबांनी बाबांच्या खांद्यावर शाल घातली, हात जोडले. मग फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी केंद्रातून पिशवीत आणलेला एक मासा बाबांच्या हातात दिला, अगदी साधा, रोजचा, आणि कौतुकाने विचारलं, "आणि हा कोणता, सर?" मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ओरडायला हवं होतं. बाबांनी मासा उताणा केला, गळ्याखाली अंगठा दाबला.

"चिकटोबा."

वर्तमानपत्रवाला हसला. आत्या म्हणाली, "थट्टा करतायत हो, पहिल्यापासून थट्टेखोर स्वभाव." साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मासा काढून घेतला, खिशातला रुमाल काढला आणि बाबांचा अंगठा पुसला. नीट, नखाच्या कडेपर्यंत. मग म्हणाले, "बरोबर आहे, सर." या माणसाला मी घरोघर जाऊन नावं ठेवली होती, आणि त्याने माझ्याच घरी येऊन असं वागावं!

तोपर्यंतसुद्धा मी ठरवलं होतं की तुला सांगायचं नाही. मग काल सकाळी मी आंघोळीला गेले आणि बाहेर आले तर दार सताड उघडं. बाबा नाहीत. मी ओल्या केसांनी, एका पायात माझी आणि एका पायात त्यांची चप्पल घालून रस्त्यावर धावले. हा प्रसंग दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्यावर झकास लिहिलं असतं. कोपऱ्यावर समोरून कानटोपी येताना दिसला. त्याने बाबांचा हात धरला होता. बाबांच्या दुसऱ्या बगलेत ती बरणी होती.

"धक्क्यावर उभे होते ताई, अगदी टोकाला," कानटोपी म्हणाला. "मी म्हटलं, बाबा, इथे कुठे? तर म्हणाले, होडी यायचीय, तो आणणार आहे. मी विचारलं, कोण आणणार? तर म्हणाले, मुलगा."

कानटोपीला वाटलं, मला धीर द्यायला हवा. म्हणून तो पुढचंही सांगून बसला. "मी म्हटलं, अहो, मुलगी आहे ना घरी, चला तिच्याकडे. तर म्हणाले, नाही, घरी त्या बाई असतात."

बघ, आता सगळं जागेवर बसलं. बाबांनी त्या दिवशी मासा ओळखला नव्हता. डोक्यातलं सगळं धुऊन निघालं, आणि तळाशी हा एक शब्द चिकटून राहिला. समोर जे येईल त्याला ते तो देतात. त्या दिवशी समोर योगायोगाने खरा चिकटोबा आला, एवढंच. तुझा मासा, तुझ्या पत्रातला, तू आणणार होतास तो. ते सगळ्यांना उलटं करून बघतात की तू आणलास का.

मी त्यांचे दात घासते, दादा. त्यांची नखं कापते. रात्री ते उठले की त्यांच्याआधी मला जाग येते. आणि त्यांच्याकडे जो शेवटचा एक शब्द उरला आहे तो तुझा आहे. मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की मला तुझी आठवण येते आहे.

टेकडीवर पुन्हा फोन केला. ती खाट गेली, पण दुसरी एक महिनाअखेरीला रिकामी होते आहे. 'रिकामी होते आहे' म्हणजे काय हे मी विचारलं नाही. सही केली. धक्क्याचं टोक मी रोज राखू शकत नाही.

तुझ्या त्या नोंदीत बाबांचं नाव ठेवायचं की काढायचं, ते तू ठरव. मला त्यातलं कळत नाही.

बहीण


२ डिसेंबर

दादा,

काल बाबांना पोचवून आले.

तिथे गेल्यागेल्याच भांडण झालं, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. बरणीवरून. मुख्य नर्सबाई म्हणाल्या, "काच चालणार नाही." मी म्हटलं, "ही साधी काच नाही, ही एका शास्त्रज्ञाची बरणी आहे." त्या म्हणाल्या, "फुटल्यावर सगळ्या काचा सारख्याच कापतात, ताई." शेवटी त्यांनीच प्लॅस्टिकची एक बरणी आणून दिली, बिस्किटांची. मी कोमट पाण्याने जुनं लेबल सोडवलं. कागद पार मऊ झाला होता, कडा सुटल्या, पण पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं. बिस्किटांच्या बरणीवर ते चिकटवलं आणि ती खिडकीत ठेवली. बाबांनी ती मांडीवर घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, बंद केलं आणि पुन्हा खिडकीत ठेवली. खिडकीतून समुद्र दिसतो. तू कॉम्प्युटरवर हेच बघून ती जागा निवडलीस का? निवडली असशील तर सांग. मी तुझ्याबद्दल इतकं वाईट बोलले आहे की एखादी गोष्ट वजा करायला मिळाली तर हवीच आहे.

निघताना मी त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावत होते. त्यांनी माझा हात धरला. उताणा केला. तळव्याच्या मधोमध अंगठा दाबला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. त्यांचा अंगठा अजून जाड आहे, खरखरीत.

"चिकटोबा," म्हणाले.

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही आता घरी जा. उशीर होईल तुम्हाला." मी उतारावरून खाली येईपर्यंत ठीक होते. मग तिथल्या फाटकाशी थोडा वेळ थांबले.

घरी परत आल्यावर तुझं पत्र वाचलं. नोंदीत तू बाबांचं नाव तसंच ठेवलंस. 'ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं, नोंदीत याहून जास्त कारण लिहायला जागा नसते,' असं तू लिहिलंस. मला हे पटलं. तुझं काही पटण्याची सवय मोडली आहे, म्हणून दोनदा वाचून खात्री करून घेतली.

साहेबांनी केंद्रात खऱ्या माशाची बरणी दाखवली. स्पिरिटमध्ये त्याचा हिरवटपणा उतरला आहे, पांढुरका झाला आहे, पण चेहरा तोच, झोपमोड झालेला. लेबल साहेबांनी स्वतः पेन्सिलीने लिहिलंय. खाली कंसात तुम्हा शास्त्रज्ञांच्या भाषेतलं लांबलचक नाव, वर मोठ्या अक्षरात 'चिकटोबा'.

तू विचारतोस, तिकीट काढून आलास तर बाबा ओळखतील का. नाही ओळखणार. उगाच खोटं सांगत नाही, एकदा सांगून बघितलं, निभावलं नाही. ते तुला 'साहेब' म्हणतील, नाहीतर काहीच म्हणणार नाहीत. पण तू त्यांच्यासमोर बस आणि हात पुढे कर. ते उलटा करून बघतील. तेवढं मिळेल. मला मिळालं तेवढं. आणि येशील तेव्हा चॉकलेटं आणू नकोस.

आज सकाळी लवकर उठले. उठायचं काही कारण नव्हतं, तरी जाग आली. घरात इतकी शांतता होती की मी फ्रीजपाशी जाऊन उभी राहिले, तो घरघर तरी करतो. बर्फाचा ट्रे धुऊन, भरून, त्याच्या जागी ठेवला. मग पिशवी घेतली आणि बाजारात गेले.

पहिल्या दिवशी मी मासा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता, तुला कळवण्यासाठी. तो आकडा लक्षात होता. कोळणीला म्हटलं, निदान एवढ्या वजनाची सुरमई दे. ती म्हणाली, "तुकडे करू?" मी म्हटलं, "नको, अख्खी." बाबा अख्खाच द्यायचे.

कानटोपी दारात जाळं शिवत बसला होता. मी पिशवी पुढे केली तर तो गडबडून उठला. "हे काय ताई? हे कशाला?"

"बाबांचं राहिलं होतं."

"अहो, ते कधीच विसरले असतील."

"हो," मी म्हटलं, "ते विसरले."

त्याने पिशवी हातात घेतली, जरा तोलून पाहिली. "वजन थोडं जास्तच वाटतंय."

"उशीर झाला ना," मी म्हटलं, आणि घरी आले.

तुझी,
बहीण